स्नायूंची मालिश आणि सॉफ्ट टिश्यू रिलीज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मालिश हा विषय स्पाचा नव्हे, तालमीचा आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या इथल्या कुस्तीत जोर-बैठका, माती आणि खुराक यांच्या जोडीला तेलाची वाटी कायम राहिली, आणि १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान गाजवणाऱ्या पैलवानांच्या पिढ्या अंग रगडून घेतच घडल्या. आज मात्र शाहू स्टेडियमवर उतरणारा पेठेचा फुटबॉलपटू, पहाटे रंकाळ्याभोवती पळणारी गृहिणी, शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर उभा राहणारा कामगार आणि पन्हाळा ते पावनखिंड चालून पाय ओढत परतलेला विद्यार्थी हे सगळेच मालिशबद्दल विचारतात. त्यांच्या प्रश्नांत एक समज सतत डोकावतो : स्नायूत काहीतरी साचलेले किंवा अडकलेले असते आणि जोर लावून ते बाहेर काढायचे असते. पुढील उत्तरांचा बराचसा भाग या समजुतीशीच संबंधित आहे.

मालिश आणि सॉफ्ट टिश्यू रिलीज यांत फरक काय?

त्वचा, स्नायू, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध आणि या सर्वांना गुंडाळणारे फॅशिया नावाचे चिवट आवरण यांना मिळून सॉफ्ट टिश्यू म्हणतात. मालिश हा या ऊतींवर हाताने काम करण्याचा सर्वात व्यापक प्रकार आहे. त्यात तळहात लांब सरकवणे, स्नायू मुठीत घेऊन कणकेसारखा मळणे, बोटांनी किंवा अंगठ्याने एका जागी घासणे, थापटणे आणि हलवणे अशा क्रिया येतात. युरोपात ही वर्गवारी एकोणिसाव्या शतकात डच डॉक्टर योहान गेऑर्ग मेझगर यांच्यामुळे रुळली. आपल्याकडच्या तालमीत या क्रियांना वेगळी शास्त्रीय नावे नसली तरी चोळणे, मळणे, रगडणे आणि थापटणे या चारही गोष्टी होतच होत्या.

रिलीज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतींमध्ये सहसा संपूर्ण अंगाऐवजी एखाद्या आखडलेल्या भागावर लक्ष असते आणि अनेकदा रुग्णालाही हालचाल करावी लागते. उदाहरणार्थ, पोटरीच्या एका जागी अंगठा स्थिर दाबून धरायचा आणि रुग्णाने पाऊल हळूहळू स्वतःकडे ओढायचे, म्हणजे दाबाखालचा स्नायू ताणला जातो. मायोफॅशियल रिलीजमध्ये तेल न लावता त्वचेला पकड घेऊन एकाच दिशेने दीड-दोन मिनिटे सौम्य ताण दिला जातो. ट्रिगर पॉइंट पद्धतीत दुखऱ्या बिंदूवर दाब ठेवून कळ ओसरण्याची वाट पाहिली जाते. कंडरेवर आडव्या दिशेने खोल घासण्याची पद्धत ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरिॲक्स यांनी प्रचारात आणली. या पद्धतींची नावे आणि त्यामागचे सिद्धांत निरनिराळे असले तरी प्रत्यक्ष परिणाम पुष्कळदा सारखेच आढळतात, त्यामुळे एखादे भारदस्त नाव ऐकून त्यासाठी जास्त पैसे मोजण्याआधी थोडा विचार करावा.

मालिशमुळे स्नायूत साचलेले लॅक्टिक ॲसिड बाहेर निघते का?

नाही. हा समज इतका खोल रुजलेला आहे की वस्ताद, प्रशिक्षक आणि जिमचे चालकही तो खात्रीने सांगतात. कठोर व्यायामात स्नायूंमध्ये लॅक्टेट (ज्याला बोलताना लॅक्टिक ॲसिड म्हणतात) तयार होते हे खरे, पण व्यायाम थांबल्यावर हृदय, यकृत आणि इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून वापर करतात आणि साधारण तास-दोन तासांत रक्तातील त्याची पातळी पूर्ववत होते. शांत बसण्यापेक्षा सावकाश चालल्याने ते अधिक लवकर कमी होते. म्हणजे आज संध्याकाळी खेळलेल्या सामन्यातील लॅक्टेट उद्या सकाळी मालिश करणाऱ्याच्या हाताखाली शिल्लकच नसते.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना गुडघे लटपटतात आणि बैठक मारवत नाही, त्याचे कारण वेगळे आहे. स्नायू लांब होत असतानाच जेव्हा भार पेलतो, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिच्या दुरुस्तीसाठी दाह सुरू होतो. दाहामुळे तिथल्या वेदनेच्या नसा संवेदनशील होतात. ही दुखणी २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक जाणवतात आणि आठवड्याभरात आपोआप जातात. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचे वर्णन केले होते आणि त्याचा संबंध स्नायूंच्या अंतर्गत इजेशी जोडला होता. जोतिबाचा डोंगर चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. कारण उतरताना प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूला लांब होत होत शरीराचे वजन सावरावे लागते.

मग मालिशचा खरा उपयोग किती?

उपयोग आहे, पण जाहिरातीत सांगतात तितका नाही. २९ अभ्यास आणि १,०१२ सहभागी यांची एकत्रित छाननी करणारा एक आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात मालिशमुळे ताकद, उडी, धावण्याचा वेग किंवा दमसास यांत सुधारणा झाल्याचे आढळले नाही. लवचीकपणा मात्र थोडा वाढला आणि व्यायामानंतरचे स्नायूदुखणे थोडे कमी झाले. व्यायामानंतर सावरण्याच्या निरनिराळ्या उपायांची तुलना करणाऱ्या २०१८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात दुखणे आणि थकव्याची जाणीव कमी करण्यात मालिश सर्वांत पुढे ठरली.

हा परिणाम मुख्यतः मज्जासंस्थेतून घडतो असे आज मानले जाते. त्वचेवरचा आणि स्नायूवरचा सुखद दाब मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांना काही काळ मागे सारतो, श्वास संथ होतो, अंग सैल पडते आणि झोप चांगली लागते. खेळाडूच्या दृष्टीने यातली शेवटची गोष्ट फार मोलाची आहे, कारण स्नायूंची दुरुस्ती प्रामुख्याने झोपेत होते. रात्री पाच तास झोपून सकाळी तासभर मालिश करून घेणाऱ्या मुलाने मालिश सोडून तो तास झोपावे, असेच मी सांगेन.

स्नायूत गाठ असते आणि दाबून ती फोडता येते, हे खरे आहे का?

खांद्यावर किंवा पाठीत बोटाखाली दोरीसारखा ताठ पट्टा लागतो आणि तो दाबला की कळ दूरवर जाते, हा अनुभव खोटा नाही. अमेरिकी डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी अशा बिंदूंचे सविस्तर नकाशे तयार केले आणि ट्रिगर पॉइंट ही संकल्पना जगभर पोहोचवली. तथापि दोन अनुभवी थेरपिस्टना एकाच रुग्णाची पाठ स्वतंत्रपणे तपासायला दिली, तर नेमका बिंदू कोठे आहे यावर त्यांचे एकमत होण्याची खात्री देता येत नाही, आणि तो बिंदू म्हणजे नक्की काय यावर आजही वाद आहे.

फॅशियाच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. मांडीच्या बाहेरील बाजूचा आणि तळपायाचा फॅशिया इतका चिवट असतो की त्याच्या आकारात एक टक्का बदल घडवण्यासाठीही शेकडो किलो वजनाइतके बळ लागेल, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात दिसून आले. कोणाच्याही अंगठ्यात किंवा कोपरात तेवढे बळ नसते, आणि असते तर ते रुग्णाला सोसवले नसते. म्हणून दाबल्यावर जागा सैल झाल्यासारखी वाटते तेव्हा तिथे काही फुटलेले, सुटलेले किंवा वितळलेले नसते. मज्जासंस्थेने त्या स्नायूचा ताण कमी केलेला असतो. हे लक्षात आले की जोर वाढवण्याचा आग्रह आपोआप गळून पडतो.

जितके दुखेल तितका गुण येतो ना?

येत नाही. मालिशचा दाब दहापैकी पाच-सहाच्या पुढे दुखू लागला की शरीर स्वतःचे रक्षण करू लागते : श्वास रोखला जातो, दात आवळले जातात आणि जो स्नायू सैल व्हायला हवा तोच घट्ट होतो. मालिश चालू असताना बोलता येणे आणि श्वास सहज सोडता येणे ही योग्य दाबाची साधी खूण आहे. दुसऱ्या दिवशी अंगावर निळे-काळे डाग उठणे हे चांगल्या मालिशचे नव्हे, तर त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुटल्याचे लक्षण आहे.

अतिरेकी रगडण्याने क्वचित प्रसंगी स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात आणि त्यांतील प्रथिने रक्तातून मूत्रपिंडात जाऊन त्याला इजा करतात. अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. कठोर मेहनतीनंतर, शरीरात पाणी कमी असताना, हा धोका वाढतो. मालिशनंतर अंग असह्य दुखू लागले, सूज आली आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी सीपीआर (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जावे.

याच संदर्भात आयुर्वेदातील एक सूचना मला नेहमी आठवते. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात व्यायाम निम्म्या शक्तीनेच करावा आणि त्यानंतर सर्वांग सुखावेल अशा बेताने मर्दन करावे असे सांगितले आहे. अंग पिळून काढणाऱ्यांनी परंपरेचा दाखला देण्यापूर्वी हा भाग वाचलेला बरा.

मालिशसाठी कोणते तेल वापरावे?

तिळाचे, खोबरेल किंवा शेंगदाण्याचे, जे घरात असेल आणि त्वचेला सोसेल ते. तेलाचे मुख्य काम हात सरकता ठेवण्याचे आहे. ते झिरपून स्नायूपर्यंत पोहोचते आणि त्याला ताकद देते, या म्हणण्याला आधार नाही. कोमट तेल बरे वाटते, म्हणून थंडीत ते कोमट करून घ्यावे. वेदनाशामक बाममधील मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट त्वचेला थंड किंवा गरम भासवून दुखण्यावरून लक्ष हटवतात. बाम लावून वरून गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण त्वचा भाजते. वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी मिथाइल सॅलिसिलेट असलेला बाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोळू नये.

तालमीत एकाच वाटीतले तेल आणि एकच पंचा सर्वांनी वापरण्याची पद्धत मात्र बंद व्हायला हवी. नायटा आणि त्वचेचे इतर संसर्ग पैलवानांमध्ये अशाच मार्गाने पसरतात.

सामन्याच्या किंवा कुस्तीच्या आधी मालिश करावी का?

सावकाश, खोल आणि लांबलेली मालिश करू नये. ती अंग सुस्तावते आणि काही काळ स्नायूची झटक्यात जोर लावण्याची ताकद कमी करते. सामन्यापूर्वी पाच ते दहा मिनिटे हलक्या हाताने, जलद गतीने चोळणे आणि थापटणे पुरे, आणि तेही नेहमीच्या वॉर्म-अपच्या जागी नव्हे तर त्याच्या जोडीला. अंग गरम करण्याचे काम पळणे, उड्या आणि खेळातल्याच हालचाली अधिक चांगले करतात. मॅटवरील कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अंगाला तेलकट किंवा चिकट पदार्थ लावून उतरता येत नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

खेळून झाल्यावर मालिश केव्हा आणि किती वेळ घ्यावी?

आधी दहा मिनिटे सावकाश चालावे, पाणी प्यावे, काही खावे. त्यानंतर साधारण दोन तासांच्या आत, किंवा त्याच दिवशी झोपण्यापूर्वी, पायांना एकूण १५ ते ३० मिनिटे मध्यम दाबाची मालिश पुरेशी असते. खोल दाबाचे काम करायचे असल्यास ते सामन्यापासून दोन-तीन दिवस दूर, हलक्या सरावाच्या आठवड्यात ठेवावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुस्ती असेल तर नवा माणूस, नवे तंत्र आणि नवे उपकरण यांपैकी काहीही आजमावू नये.

घरच्या घरी एकमेकांना पायांची मालिश कशी करावी?

मालिश घेणाऱ्याने पालथे झोपावे आणि घोट्यांखाली गुंडाळलेली चादर ठेवावी, म्हणजे पोटऱ्या सैल राहतात. करणाऱ्याने प्रथम हाताला तेल लावून घोट्यापासून मांडीपर्यंत, म्हणजे हृदयाच्या दिशेने, पूर्ण तळहात सात-आठ वेळा सरकवावा. या हातांतूनच कोठे ताठरपणा आहे आणि कोठे हात लागताच पाय आक्रसतो हे कळते. नंतर पोटरीचा स्नायू दोन्ही हातांत उचलून, हाडापासून किंचित वर घेऊन, तीन-चार मिनिटे मळावा. जिथे ताठ पट्टा लागेल तिथे अंगठ्याचा स्थिर दाब ३० सेकंद ठेवावा आणि त्या वेळी समोरच्याला पाऊल हळूहळू वर-खाली करायला सांगावे. हेच मांडीच्या मागच्या स्नायूवर करावे, तेथे दाबासाठी अंगठ्याऐवजी मूठ किंवा पुढचा हात वापरावा, नाहीतर करणाऱ्याचेच अंगठे आठवड्याभरात दुखू लागतील. शेवटी पुन्हा लांब हात फिरवून थांबावे.

गुडघ्याच्या मागची लवण, जांघ, काख आणि गळ्याचा पुढचा भाग येथे खोल दाब देऊ नये, कारण तेथून मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा वरवरच जातात. दाबताना मुंग्या आल्या, बधिरपणा वाटला किंवा विजेसारखी कळ गेली तर हात लगेच काढावा. तो स्नायू नव्हे, नस आहे.

फोम रोलर आणि चेंडू कसे वापरावेत?

रोलर, म्हणजे फोमचा दंडगोल, ही स्वतःच्या वजनाने स्वतःची मालिश करण्याची सोय आहे. पोटरी, मांडीचा पुढचा व मागचा भाग, कुल्ला आणि पाठीचा वरचा भाग यांसाठी तो योग्य आहे. प्रत्येक स्नायूवर ३० ते ६० सेकंद, अशा दोन-तीन फेऱ्या, सावकाश फिरवाव्यात. त्याने सांध्याची हालचाल लगेच वाढलेली जाणवते आणि स्ट्रेचिंगच्या उलट ताकद घटत नाही, म्हणून वॉर्म-अपच्या सुरुवातीला तो उपयोगी पडतो. ही वाढ मात्र जेमतेम अर्धा तास टिकते. कमरेखाली आडवा रोलर घेऊन पूर्ण वजन टाकणे टाळावे. मांडीच्या बाहेरच्या बाजूवर दात-ओठ खात रोलर फिरवणारे पुष्कळ दिसतात, पण वर सांगितल्याप्रमाणे तिथला फॅशियाचा पट्टा लांबत नाही. त्याऐवजी कुल्ल्याच्या स्नायूंवर काम करावे.

रोलर विकत घेतलाच पाहिजे असे नाही. टेनिसचा चेंडू तळपायाखाली, किंवा भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरला तर तोच हेतू साधतो, आणि पोटरीसाठी स्वयंपाकघरातले लाटणे (धुऊन ठेवण्याच्या अटीवर) उत्तम चालते.

लवचीकपणा वाढवण्यासाठी मालिश पुरेशी आहे का?

पुरेशी नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देणे आवश्यक आहे. मालिशनंतर वाकताना हात बोटभर खाली पोहोचतो, तो स्नायू लांब झाल्यामुळे नव्हे, तर ताणाची जाणीव सोसण्याची मर्यादा वाढल्यामुळे. ही मर्यादा काही वेळाने पूर्ववत होते. तिला कायम पुढे सरकवायचे असेल तर त्या नव्या टप्प्यात नियमित ताण आणि भार द्यावा लागतो.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन ते तीन दिवस स्ट्रेचिंग करावे, प्रत्येक ताण १० ते ३० सेकंद धरावा आणि प्रत्येक स्नायूगटासाठी एकूण ६० सेकंद भरतील इतक्या वेळा तो पुन्हा करावा. पीएनएफ या पद्धतीत ताणलेल्या स्थितीत स्नायू तीन ते सहा सेकंद हलका आवळायचा, सोडायचा आणि मग जोडीदाराने तो १० ते ३० सेकंद आणखी पुढे न्यायचा असतो. तालमीत जोडीने सराव करणाऱ्यांना ही पद्धत सहज जमते. सामन्याच्या अगदी आधी एकाच स्नायूला मिनिटापेक्षा अधिक वेळ स्थिर ताण देऊ नये, त्याने उडी आणि वेग तात्पुरते घटतात.

पूर्ण खोलीपर्यंत जाणारा भाराचा व्यायामही लवचीकपणा वाढवतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. टाचा आणि नितंब यांचे अंतर मिटवणारी बैठक आणि छाती जमिनीलगत नेऊन वर काढणारा सपाट्या हे दोन्ही सांध्यांना त्यांच्या टोकापर्यंत नेतात. जिममध्ये अर्धवट वाकून दुप्पट वजन उचलणाऱ्या मुलांपेक्षा जुन्या पद्धतीची मेहनत करणाऱ्या पैलवानाचे कुल्ले आणि खांदे अधिक मोकळे असतात, ते केवळ तेलामुळे नव्हे.

मसाज गन घ्यावी का?

स्नायूवर वेगाने ठोके देणारे हे हातात धरायचे यंत्र परवडत असेल आणि आवडत असेल तर घ्यावे. दुखण्यात थोडा तात्पुरता आराम आणि हालचालीत थोडी वाढ याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. ती हाडावर, मानेच्या पुढील व बाजूच्या भागावर आणि ताज्या दुखापतीवर कधीही लावू नये. एका जागी दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ थांबू नये.

कपिंगचे काय?

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरील गोल डागांमुळे कपिंग, म्हणजे कप लावून त्वचा आत ओढून धरण्याचा उपचार, सर्वांना माहीत झाले. ते डाग म्हणजे त्वचेखाली साकळलेले रक्त असते, बाहेर खेचलेले विष नव्हे. कोरड्या कपिंगने काहींना बरे वाटते, त्यापलीकडे ठोस पुरावा नाही. त्वचेला चिरा देऊन रक्त काढण्याच्या प्रकारापासून खेळाडूंनी दूरच राहावे.

लचक किंवा मुका मार बसल्यावर चोळावे का?

पहिले दोन-तीन दिवस अजिबात चोळू नये. कोल्हापुरातल्या मैदानांवर सर्वाधिक नुकसान जर कशाने होत असेल तर ते घोटा मुरगळल्याबरोबर कोणीतरी पाय मांडीवर घेऊन तेल लावून ओढायला सुरुवात करतो त्याने, असे माझे स्पष्ट मत आहे. अस्थिबंध किंवा स्नायू फाटला असेल तर आतील रक्तस्राव नुकताच थांबू लागलेला असतो, आणि चोळण्याने तो पुन्हा सुरू होतो. हाड मोडले असेल तर ओढण्याने जागचे हाडही सरकते. पहिल्या दिवसांत त्या भागाला जपावे, पाय उंच ठेवावा, क्रेप बँडेजचा बेताचा दाब द्यावा. दुखण्यासाठी बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावता येतो. शेक, दारू, पळणे आणि मालिश या चारही गोष्टी या काळात वर्ज्य आहेत. घोट्यावर वजन टाकून चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. हाडवैद्याकडे जाण्याचा आग्रह असलाच तर किमान एक्स-रे पाहिल्यानंतर जावे.

फुटबॉलमध्ये मांडीवर समोरच्याचा गुडघा बसतो, त्या माराबद्दल विशेष काळजी घ्यावी लागते. अशा खोल मुक्या मारावर लवकर आणि जोरात मालिश केली तर साकळलेल्या रक्ताच्या जागी स्नायूत हाड तयार होण्याचा धोका वाढतो, आणि मग महिनोन् महिने गुडघा पूर्ण वाकत नाही. त्याऐवजी पहिल्या दिवशी गुडघा सोसेल तितका वाकवून तसाच बांधून ठेवणे हितकारक असते. कुस्तीत कान सुजला तर तोही दाबून बसवायचा नसतो. आत साकळलेले रक्त डॉक्टरांकडून लवकर काढून घेतले तरच कानाचा आकार वाचतो. मोडलेला कान ही पैलवानकीची निशाणी मानणाऱ्यांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

तीन-चार दिवसांनी सूज उतरू लागली की आसपासच्या भागाला हलकी मालिश आणि न दुखणाऱ्या मर्यादेत हालचाल सुरू करता येते.

पोटरीत वांब आल्यावर काय करावे?

स्नायू ताणून धरावा. गुडघा सरळ ठेवून पाऊल स्वतःकडे ओढले की पोटरीतला वांब बहुधा अर्ध्या-एक मिनिटात सुटतो. वांब असताना अंगठ्याने जोरात खुपसू नये; तो सुटल्यावर तळहाताने हलके चोळावे. खेळाच्या अखेरीस येणारे वांब बहुतेक वेळा स्नायूच्या थकव्यामुळे येतात, म्हणून केवळ मीठ-पाणी पिऊन ते थांबतीलच असे नाही, सरावाचा पाया वाढवावा लागतो.

मालिश कोणी करून घेऊ नये?

एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते आहे आणि दुखते आहे, विशेषतः लांबच्या बसप्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा प्लास्टर काढल्यानंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. अशी पोटरी चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते. या एका कारणासाठी तरी प्रत्येक मालिश करणाऱ्याने हात लावण्यापूर्वी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहावेत.

ताप, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग आणि भाजलेली त्वचा असताना मालिश टाळावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, हाडे ठिसूळ झालेले ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया आणि कर्करोगावर उपचार घेणारे यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्यांतील अनेकांना सौम्य मालिश चालते. बऱ्याच वर्षांचा मधुमेह असलेल्यांच्या पावलांची संवेदना कमी झालेली असते, त्यांना दाब किंवा तेलाची उष्णता जास्त झाली तरी कळत नाही, हे करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

केस कापून झाल्यावर मान मोडून घेतलेली चालते का?

नाही. डोक्याची चंपी हवी तितकी करून घ्यावी, पण हनुवटी धरून मानेला झटका देऊ देऊ नये. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे आतील अस्तर अशा झटक्याने फाटू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचित घडते, पण कडकड आवाजाच्या क्षणभराच्या समाधानासाठी तो धोका पत्करण्याचे कारण नाही.

खेळत नाही, पण कामाने अंग आखडते. मालिशचा उपयोग होईल का?

फाउंड्रीत साचे उचलणारे, इचलकरंजीत यंत्रमागावर उभे राहणारे, हुपरीत मान खाली घालून चांदीचे बारीक काम करणारे कारागीर यांचे दुखणे मुख्यतः तासन् तास एकाच स्थितीत राहण्याचे किंवा एकच हालचाल करण्याचे असते. मालिशने त्यांना त्या संध्याकाळी बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी तीच स्थिती, तेच दुखणे परत येते. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे खांदे फिरवणे, कामाच्या पाटाची उंची वाढवणे, आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा पाठ व खांद्यांची ताकद वाढवणारा व्यायाम करणे यांना आधी स्थान द्यावे. कंबरदुखीबरोबर पायात मुंग्या, पावलात अशक्तपणा किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे असे काही असेल तर मालिशचा विचारही न करता तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

मालिश किती दिवसांनी आणि कोणाकडून करून घ्यावी?

जोरात सराव चालू असताना आठवड्यातून एकदा, एरवी महिन्यातून एक-दोनदा पुरे; रोज हवी असेल तर ती हलकी असावी. निरोगी अंगाच्या साध्या तेलमालिशसाठी हाताला सवय असलेला, ऐकून घेणारा आणि थांब म्हटल्यावर थांबणारा माणूस पुरेसा आहे, मग तो तालमीतला जोडीदार असो वा घरातला कोणी. दुखापत असेल, दुखणे दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळले असेल किंवा रात्री झोपमोड करत असेल, तर फिजिओथेरपीची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी असलेल्या व्यक्तीकडे जावे आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. पहिल्या भेटीत प्रश्न न विचारता, हालचाल न तपासता थेट टेबलावर झोपवणारा, किंवा दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागणारा थेरपिस्ट टाळावा. दर वेळी जाण्याआधी आणि नंतर एकच हालचाल, उदाहरणार्थ पूर्ण बैठक किंवा हात पाठीमागे नेणे, करून पाहावी. तीन-चार भेटींनंतरही तिच्यात फरक दिसत नसेल तर उपचार बदलण्याविषयी त्या थेरपिस्टशी बोलावे.